थोरल्या बहिणीचे नाव

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आज मला इथे उभे केले आहे ते आपल्या चिटणीसबाईंनी. त्यांचे म्हणणे असे की, दर वर्षी बाहेरून वक्त्या बोलवायच्या आणि आपण नुसत्या टाळ्या वाजवायच्या, हे आता पुरे झाले. यंदा आपल्यातल्याच कोणीतरी बोलावे. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. अनारसे तुपात का फसफसतात, एवढे फार तर सांगेन." त्यावर त्या म्हणाल्या, "मागे भजनाच्या दिवशी तुम्ही एका इंग्रजी नावाची गोष्ट सांगितली होती, तीच सांगा." तेव्हा तीच सांगते. यातले इंग्रजी माझ्या मुलीने वाचून मला मराठीत समजावले आहे. म्हणून माहिती तिची आणि बडबड माझी, असे समजून चूकभूल पोटात घालावी.

ते नाव आहे पार्थेनोपी.

हसलात ना? मीही हसले होते. पार्थ म्हटले की आपल्याला अर्जुन आठवतो. पण या नावाचा अर्जुनाशी काही संबंध नाही. हे बाईचे नाव आहे, आणि खुद्द इंग्लंडातही ते फारसे कोणी ठेवत नाही. मग मी स्वयंपाकघरातली बाई या नावाच्या मागे का लागले, ते आधी सांगितले पाहिजे.

माझी धाकटी बहीण दवाखान्यात परिचारिका आहे. दर वर्षी १२ मे हा दिवस परिचारिका दिन म्हणून पाळतात, कारण तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल या थोर बाईचा जन्मदिवस. एका वर्षी त्या दिवशी माझ्या बहिणीचा सत्कार होता, म्हणून मी गेले होते. सगळ्या मुली हातात दिवे घेऊन उभ्या होत्या, शपथ चालली होती, मला फार बरे वाटत होते. मग एका वक्त्यांनी फ्लॉरेन्सबाईंचे चरित्र सांगितले. सांगता सांगता ते म्हणाले, "घरच्यांनी तिला फार छळले. थोरल्या बहिणीने तर रडून, ओरडून, आजारी पडून तिची वाट अडवली." सभेत कोणी चुकचुकले, कोणी हसले. माझी मान मात्र खाली गेली. का गेली ते पुढे सांगते.

घरी परत येताना मी बहिणीला विचारले, "त्या थोरल्या बहिणीचे नाव काय होते गं?" ती म्हणाली, "अगबाई, ते काही ठाऊक नाही. इतकी वर्षे आम्ही शपथ घेतो, पण तिचे नाव कोणी सांगितलेच नाही." तेवढ्यावरून मी माझ्या मुलीच्या मागे लागले. दोन दिवसांनी तिने नाव शोधून आणले: फ्रान्सिस पार्थेनोपी नाइटिंगेल. फ्रान्सिस हे आईचेच नाव. पण घरात तिला पार्थी म्हणून हाक मारीत.

आता या नावाची कुळकथा ऐका. आईबापांचे लग्न १८१८ साली झाले. घर सुखवस्तू होते. ती दोघे लग्नानंतर युरोपात फिरायला गेली, ती दोन-तीन वर्षे तिकडेच राहिली. १८१९ साली इटलीतल्या नेपल्स शहरी पहिली मुलगी झाली. पुढच्याच वर्षी, १८२० साली, त्याच देशातल्या फ्लॉरेन्स शहरी दुसरी झाली. दोघी जिथे जन्मल्या त्या शहरांचीच नावे आईबापांनी त्यांना ठेवली. धाकटीला फ्लॉरेन्स हे नाव जसेच्या तसे मिळाले. थोरलीच्या वेळी मात्र 'नेपल्स' असे न ठेवता त्या शहराचे जुने ग्रीक नाव घेतले, पार्थेनोपी. आताचे नेपल्स हे नावसुद्धा ग्रीकच. त्याचा अर्थ नवे नगर. म्हणजे आपल्याकडे नवापूर किंवा नवेगाव असते ना, तसेच.

बायांनो, हे ऐकून मला परके वाटेनासे झाले. आपल्याकडे काशी, मथुरा, द्वारका, अयोध्या, गंगा, गोदा ही मुलींची नावे कुठून आली? यात्रा घडली, नवस फेडला, नदीकाठी जन्म झाला, आणि आत्याने पाळण्याशी वाकून कानात तेच नाव सांगितले. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका. ती जन्मली काशीला, आणि मणिकर्णिका हे काशीच्या घाटाचे नाव. माझेही तसेच आहे. वडिलांची बदलीची नोकरी. मी नाशिकला झाले म्हणून गोदावरी. सहा वर्षांनी बहीण वाईला झाली, म्हणून ती कृष्णा. म्हणजे इटलीतल्या त्या दोन मुली आणि आम्ही दोघी यांच्या बारशाची रीत एकच निघाली.

आता अर्थ. ग्रीक भाषेत 'पार्थेनोस' म्हणजे कुमारिका. अथेन्स शहरातल्या टेकडीवर अथीना देवीचे मोठे देऊळ आहे, त्याला पार्थेनॉन म्हणतात, तो शब्दही यातलाच. कारण अथीना ही कुमारी देवी. नावाच्या दुसऱ्या भागाचा अर्थ कोणी आवाज असा लावतात, कोणी मुख असा लावतात. म्हणजे कुमारिकेच्या गळ्याची, नाहीतर कुमारिकेच्या मुखाची. आपल्याकडे मंजुळा म्हणतो, त्याच्या जवळचे म्हणा ना.

पण या नावामागे एक कथा आहे, आणि ती गोड नाही. ग्रीकांच्या पुराणात सायरेन नावाच्या गाणाऱ्या बायका आहेत. त्यांचे अर्धे अंग बाईचे आणि अर्धे पाखराचे. त्यांचे गाणे ऐकले की खलाशी भान विसरत आणि नाश पावत. ओडिसियस नावाचा वीर तिकडून जायला निघाला, तेव्हा त्याने आपल्या माणसांच्या कानांत मेण घातले आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. तो सुखरूप निसटला. आपले गाणे वाया गेले, या दुःखाने पार्थेनोपी नावाच्या सायरेनने समुद्रात जीव दिला. तिचे शव ज्या किनाऱ्याला लागले तिथे लोकांनी तिची समाधी बांधली, आणि त्या वस्तीला तिचे नाव मिळाले, असे सांगतात.

तुम्ही म्हणाल, तान्ह्या मुलीला असले नाव ठेवावे का? पण मुलीचे नाव काशी ठेवताना आपण काशीच्या स्मशानघाटाचा विचार करतो का? आईबापांच्या मनात ते सुंदर शहर असणार. शिवाय त्यांचे आडनाव होते नाइटिंगेल. हे रात्री गोड गाणाऱ्या एका पाखराचे नाव. तेही मूळचे नव्हे. वडिलांचे जन्माचे आडनाव शोर. आईकडच्या एका नातेवाइकाची इस्टेट मिळाली, तेव्हा १८१५ साली त्यांनी त्याचे आडनाव घेतले. आपल्याकडे दत्तक गेल्यावर आडनाव बदलते तसे. म्हणजे गोड गळ्याचे नाव आणि गाणाऱ्या पाखराचे आडनाव, असा जोड त्या पोरीला बसला होता.

पण आपल्या मराठीत एक मौज आहे. नाव ठेवणे म्हणजे बारसे, आणि नावे ठेवणे म्हणजे निंदा. फरक एका मात्रेचा. पार्थीचे नाव एकदा ठेवले गेले; नावे मात्र तिला आजतागायत ठेवतात.

ती का ठेवतात तेही खरे खरे सांगते, कारण काही झाकायचे नाही. फ्लॉरेन्सला रोग्यांची सेवा करायची होती. त्या काळी इंग्लंडात ते काम चांगल्या घरच्या मुलीचे समजत नसत. दवाखान्यातल्या बाया दारू पितात, वाईट चालीच्या असतात, असा बोलबाला होता. घरात वर्षानुवर्षे वाद झाले. १८५१ साली फ्लॉरेन्स जर्मनीत कायझर्सवर्थ येथे तीन महिने शिकायला गेली. पार्थीचा जीव बहिणीत फार गुंतलेला. ती चिडे, रडे, अन्न टाकी, आजारी पडे. शेवटी डॉक्टरांनीच सांगितले की, या दोघींनी काही काळ वेगळे राहिलेले बरे. १८५३ साली वडिलांनी धाकटीला वर्षाला ५०० पौंड लावून दिले, आणि ती लंडनला एका लहान दवाखान्याची व्यवस्था पाहू लागली. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या लढाईत १८५४ च्या नोव्हेंबरात ती ३८ परिचारिका घेऊन स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात पोहोचली, आणि तिचे नाव जगभर झाले.

आता माझी मान का खाली गेली ते ऐका. आमची आई सदा आजारी. मी सातवी झाले आणि माझी शाळा सुटली. घर, आईची औषधे आणि कृष्णा, हे तिन्ही माझ्या अंगावर. तिच्या वेण्या मी घातल्या, तिची पाटी मी पुसली. पुढे माझे लग्न झाले. कृष्णा बारावी झाली आणि परिचारिकेचे शिक्षण घेते म्हणाली. तेव्हा मी माहेरी जाऊन घर डोक्यावर घेतले. रात्रपाळी करणार, परक्या पुरुषांची अंगे पुसणार, हिच्याशी लग्न कोण करील, लोक मला सासरी काय म्हणतील! मी जेवले नाही. वडिलांना म्हटले, "ती गेली तर मी या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही." ती गेली. जाताना मला नमस्कार करायला आली, तेव्हा मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले. दोन वर्षे मी तिच्याशी बोलले नाही.

तेव्हा मी म्हणत होते, मला तिची काळजी आहे. काळजी होतीही. पण आज या वयात तुमच्यासमोर सांगते, त्यात नुसती काळजी नव्हती. मी चुलीपाशी राहिले आणि ती निघाली, हे मला सोसले नाही. शाळा माझी सुटली होती, आणि राग मी तिच्यावर काढला.

म्हणून त्या सभेत लोक हसले तेव्हा मला वाटले, हे मलाच हसताहेत. आणि म्हणूनच पार्थीचे पुढे काय झाले हे मला कळायला हवे होते. वक्त्यांनी तिला अर्ध्या वाटेवर सोडून दिले होते. पण तिची गोष्ट तिथे संपत नाही.

आधी त्या घुबडाचे सांगते. १८५० साली फ्लॉरेन्स अथेन्सला गेली होती. त्याच पार्थेनॉनच्या देवळापाशी घुबडाचे एक पिलू मुलांच्या हाती सापडले होते, ते तिने सोडवून घेतले आणि अथीना असे नाव ठेवले. आपण घुबड अशुभ मानतो; ग्रीकांकडे ते विद्येच्या देवतेचे पाखरू. फ्लॉरेन्स त्याला खिशात घेऊन फिरे. क्रिमियाला निघायच्या धांदलीत ते पिलू मेले आणि इतकी धीराची बाई ढसढसा रडली. मग पार्थीने काय केले? त्या घुबडाची जन्मापासून मरणापर्यंतची कथा लिहिली, तीत चित्रे काढली, आणि १८५५ साली ते लहानसे पुस्तक तयार करून बहिणीकरिता दूरदेशी पाठवले. तिचा हात चित्रकलेत चांगला होता. फ्लॉरेन्स उभी आहे आणि शेजारी घुबड बसले आहे, असे एक जुने चित्र आहे. तेही या बहिणीनेच काढलेले. जिने वाट अडवली असे म्हणतात, तिच्याच हाताने आपल्याला तरुणपणची फ्लॉरेन्स दिसते. लढाई चालू असताना पत्रांचा आणि देणग्यांचा पूर आला, तेव्हा उत्तरे लिहायला आणि वस्तू रवाना करायला आईबरोबर हीच बसली.

१८५८ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, पार्थीचे लग्न झाले. नवरा सर हॅरी वर्नी. बिजवर, पहिली मुले मोठी झालेली. सासरचे घर क्लेडन येथे, जुन्या सरदारी थाटाचे. त्या घरात शेकडो वर्षांची पत्रे धूळ खात पडली होती. सतराव्या शतकात इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध झाले, तेव्हा हे घर दुभंगले होते. बाप सर एडमंड राजाचा झेंडा धरणारा. तो १८४२ नव्हे, १६४२ साली एजहिलच्या लढाईत पडला. त्याचा थोरला मुलगा राल्फ पार्लमेंटच्या बाजूचा. एकाच घरातली माणसे, एकमेकांविरुद्ध. पार्थीने ती पत्रे लावायला घेतली. संधिवाताने तिचे हात आखडत चालले होते, तरी तिने काम सोडले नाही. तिने कादंबऱ्याही लिहिल्या. पण मला हे पत्रांचे काम अधिक मोलाचे वाटते. ज्या बाईच्या माहेरात बहिणीबहिणींचा वाद पेटला होता, तिने सासरच्या दुभंगलेल्या घराची पत्रे एकत्र बांधली.

फ्लॉरेन्स लढाईवरून आली ती प्रकृती गमावूनच. पुढची पुष्कळ वर्षे ती अंथरुणाला खिळून लिहीत असे. आपल्या देशातल्या खेड्यांच्या स्वच्छतेबद्दलही तिने लिहिले. ती इकडे कधी आली नाही, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. ही फ्लॉरेन्स विसाव्याला कुठे जाई? क्लेडनला, बहिणीच्या घरी. तिथे तिच्या राहण्याची खोली अजून दाखवतात.

पार्थी १८९० साली वारली. तारीख ऐका: १२ मे. फ्लॉरेन्सचा सत्तरावा वाढदिवस. ज्या दिवशी आपण दर वर्षी दिवे लावतो, तोच थोरल्या बहिणीचा स्मृतिदिन. ती गेल्यावर दोन वर्षांनी, १८९२ साली, वर्नी घराण्याच्या आठवणींचे पहिले दोन भाग तिच्या नावाने निघाले. राहिलेले काम सुनेने पुरे केले. ही सून सावत्र मुलाची, पण सासूचे काम तिने अर्धवट टाकले नाही, हेही आपण लक्षात ठेवण्यासारखे.

आता दोन्ही नावांचे काय झाले पाहा. फ्लॉरेन्स हे नाव लॅटिन भाषेतले. अर्थ फुलणे, बहरणे. त्या काळी इंग्लंडात मुलींना ते क्वचितच ठेवीत. पण क्रिमियाच्या लढाईनंतर हजारो घरांत फ्लॉरेन्स जन्मल्या. आपण म्हणतो ना, मुलीने नाव काढले. धाकटीने नाव काढले, ते असे. पार्थेनोपी हे नाव मात्र मागेच राहिले. १८५० साली नेपल्सच्या एका ज्योतिर्विदाला आकाशात एक लहानसा ग्रह सापडला, त्याला ते दिले. पण तेही शहराच्या त्या जुन्या कथेवरून, आपल्या पार्थीवरून नव्हे.

मग नावाचा अर्थ कशात असतो? मुलीने कोशातला अर्थ सांगितला तेव्हा मला वाटले होते, झाले, कळले. पण कोशातला अर्थ बारशापुरता. पुढचा अर्थ ती बाई स्वतः घालते, आपल्या वागण्याने. पार्थेनोपी म्हणजे जिचे गाणे वाया गेले म्हणून तिने जीव दिला ती, हा पुराणातला अर्थ. माझ्या लेखी तो बदलला. माझ्या लेखी पार्थेनोपी म्हणजे जी चुकली, आणि चुकल्यावर कामाला लागली ती.

हे सगळे कळल्यावर मी कृष्णाला घरी जेवायला बोलावले. पोळ्या लाटता लाटता तिला सगळी गोष्ट सांगितली, आणि जे इतकी वर्षे बोलले नव्हते तेही बोलले. म्हटले, "तू नमस्काराला आलीस तेव्हा मी भांडी घासत नव्हते. भांडी केव्हाच घासून झाली होती." ती म्हणाली, "ताई, मला ठाऊक होते. मागच्या दारातून भांड्यांचा आवाजच येत नव्हता." पुढे आम्ही दोघी काही बोललो नाही. पोळी मात्र करपली.

आता शेवटची एक विनंती, आणि ती अध्यक्षीणबाईंना आहे. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत बोटाने माझे नवे नाव लिहिले. त्या नावाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच नावाने मी मुले वाढवली, त्याच नावाने तुम्ही मला हाक मारता. पण कानात सांगितलेले पहिले नाव आता हाक मारणाऱ्या एका बहिणीपुरते उरले आहे. इथे बसलेल्या कितीतरी जणींचे असेच असेल. सभासदांच्या वहीत आपली सर्वांची सासरची नावे आहेत. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा, आणि जिला वाटेल तिने आपले बारशाचे नाव आणि ते का ठेवले हे एका ओळीत लिहावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत ती यादी छापली, तर आपल्या लेकीसुनांना वाचायला मिळेल.

पहिली ओळ मीच लिहिते: गोदावरी, नाशिकला जन्मली म्हणून.